काचेतली अमानत

मुलांच्या हट्टापायी क्रॉफर्ड मार्केटमधून रंगीत मासा आणला, की त्याला लगेच जुन्या माशांत सोडू नका. दोन-तीन आठवडे वेगळ्या टाकीत ठेवून पाहा. पंख अंगाशी मिटलेले, कल्ले भराभर हलणारे, दगडावर अंग घासणे, खाणे सोडणे ही आजाराची लक्षणे. मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसले, तर तो परजीवीचा आजार. ठिपके गेले म्हणजे मासा बरा झाला असे नव्हे. परजीवी तळाशी जाऊन वाढतात. औषध अर्ध्यावर सोडू नका. आजारी मासा निर्मळच्या तळ्यातही सोडू नका. तिथल्या माशांना लागण होऊ शकते.

मांजरीला उपाशी कोंडणाऱ्या बाईची हदीस आपण मुलांना सांगतो. काचेतला मासाही कोंडलेलाच आहे. त्याची जबाबदारी आपली.