कलामहाविद्यालयात प्रवेश घेतल्यानंतर विभाग बदलताना

चित्रकलेत गती असलेला विद्यार्थी कलामहाविद्यालयात दाखल झाला की त्याचा मार्ग निश्चित झाला, असे पालक व शिक्षक मानतात. परंतु काही महिन्यांतच तो घरी पत्र किंवा निरोप पाठवितो, "मला विभाग बदलावयाचा आहे." घरात चिंता पसरते. मुलगा बिघडला, की त्याला अभ्यास झेपेना, अशी चर्चा होते.

बहुधा यांपैकी काहीच झालेले नसते. एलिमेंटरी व इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांत वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन यांची कसोटी लागते. प्रवेशपरीक्षेचे स्वरूपही मुख्यतः कागदावरील कामाचेच असते. ओल्या मातीतून मस्तक उभारणे, सांगाडा बांधणे, प्लास्टरचा साचा काढणे, मागावर ताणा चढविणे यांचा अनुभव शाळेत क्वचितच मिळतो. तरीही चित्रकला, शिल्पकला, वस्त्रकला किंवा उपयोजित कला यांतील एकाची निवड मात्र विद्यार्थ्याला आधीच करावी लागते. न पाहिलेल्या गोष्टीची निवड चुकली, तर त्यात नवल ते काय?

मुंबईचे सर ज. जी. कलाविद्यालय 1857 मध्ये स्थापन झाले. वास्तुशिल्प व मूर्तिकाम शिकविण्यासाठी लॉकवुड किपलिंग तेथे 1865 मध्ये आले. क्रॉफर्ड मार्केटवरील उत्थित शिल्पे त्यांच्याच कल्पनेतून साकारली. जाहिरातकलेचा विभाग बराच नंतर, 1935 मध्ये सुरू झाला आणि 1961 मध्ये उपयोजित कलेची स्वतंत्र संस्था निर्माण झाली. त्यामुळे चित्रकलेकडून उपयोजित कलेकडे वळणे म्हणजे केवळ वर्ग बदलणे न राहता संस्था बदलणेच ठरले.

दादासाहेब फाळके 1885 मध्ये याच कलाविद्यालयात दाखल झाले होते. पुढे बडोद्याच्या कलाभवनात त्यांनी चित्रकलेबरोबर मूर्तिकामही आत्मसात केले. नंतर ते छायाचित्रण व छपाईच्या तंत्रांकडे वळले. 1913 च्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये यांतील बहुतेक विद्या उपयोगी पडल्या. त्यांच्या हयातभरच्या धडपडीला चंचलपणा म्हणणारेही त्या काळी असतीलच!

अर्थात प्रत्येक विद्यार्थी फाळके नसतो. उपयोजित कलेत ठरलेल्या मुदतीत एकाच मांडणीचे दहा आराखडे करावे लागतात. त्याला कंटाळून कोणी चित्रकलेकडे पाहत असेल, तर तेथेही व्यक्तिचित्राची कंटाळवाणी वाटणारी बैठक चुकत नाही. म्हणून शिक्षकांनी विद्यार्थ्याला तो काय सोडू इच्छितो यापेक्षा सुटीच्या दिवशी कोणत्या विभागात जाऊन बसतो, हे विचारावे. शिल्पविभागात जाऊन माती मळणाऱ्या मुलाची ओढ खरी समजण्यास हरकत नाही.

निर्णय झाल्यावर मात्र घाई नको. प्रत्येक विभागातील जागा मर्यादित असतात. जागा रिकामी नसेल किंवा संस्थेच्या नियमांत तरतूद नसेल, तर नव्याने प्रवेशप्रक्रियेस सामोरे जावे लागते व एक वर्ष खर्ची पडते. ग्रामीण कुटुंबाला त्याहून मोठा धोका शिष्यवृत्तीचा आहे. भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या नियमांत, पूर्वपरवानगीशिवाय अभ्यासविषय किंवा संस्था बदलल्यास शिष्यवृत्ती रद्द होऊ शकते, अशी तरतूद राहिलेली आहे. नव्या वर्गात बसावयास सुरुवात करून मागाहून कागद पूर्ण करू, असे म्हणणारा विद्यार्थी शुल्क आणि निर्वाह या दोन्ही बाबतींत अडचणीत येऊ शकतो. त्यामुळे आधी दोन्ही विभागप्रमुखांची भेट घ्यावी, नंतर प्राचार्यांकडे लेखी अर्ज द्यावा, शिष्यवृत्तीबाबत समाजकल्याण कार्यालयात चौकशी करावी आणि परवानगीचा कागद हाती येईपर्यंत मूळ विभागातील हजेरी चालू ठेवावी. गावाकडून सोबत कोणी जाणार असेल, तर त्याने अर्जाची शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय परतू नये.