मंदगती मुलांनाही डबा घेऊन कामावर जाऊ द्या

सकाळी देहूरोड स्टेशनवर हातात डबा घेतलेल्या माणसांची गर्दी असते. कोणी पिंपरी-चिंचवडला निघालेला असतो, कोणी तळेगावला, कोणी लोणावळ्याला. त्याच वेळी आपल्या वस्तीतल्या एखाद्या घरात वीस-बावीस वर्षांचा मुलगा किंवा मुलगी दारात नुसती बसून असते. शाळा कधीच सुटलेली, कामावर कोणी घेत नाही. "त्याला काही कळत नाही," असे म्हणून शेजारी मोकळे होतात. आईवडिलांना मात्र एकच प्रश्न रात्रंदिवस छळतो : आमच्या माघारी याचे कसे होणार?

अशा मुलांना पूर्वी सरसकट 'मतिमंद' म्हणत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने 'बौद्धिक दिव्यांगता' हा शब्द रूढ केला. समजून घ्यायला, हिशेब करायला, रोजचे व्यवहार शिकायला या मुलांना वेळ लागतो, एवढाच त्याचा अर्थ. ही बाहेरची बाधा नाही आणि मागच्या जन्मीचे पाप तर मुळीच नाही. गंडेदोरे आणि अंगारे यांवर घालवलेला पैसा पाण्यात जातो. त्या पैशात मुलाला सहा महिने कामावर जायला रेल्वेचा पास निघेल.

पण असा मुलगा काम शिकू शकतो का? अमेरिकेतील संशोधक मार्क गोल्ड यांनी १९७२ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग याचे उत्तर देतो. मध्यम आणि तीव्र बौद्धिक दिव्यांगता असलेल्या ६४ जणांना त्यांनी सायकलचा ब्रेक जोडायला शिकवले. ब्रेकचे सुटे भाग होते १५. काहींना दिलेल्या प्रत्येक भागाची वर येणारी बाजू लाल रंगाने रंगवली होती. ती मंडळी लवकर शिकली. काम लहान लहान पायऱ्यांत तोडले, खूण दिली आणि धीर धरला, तर ज्यांना जग टाकाऊ समजते तेही कारखान्यातले काम शिकतात, हे गोल्ड यांनी दाखवून दिले.

दुसरे उदाहरण जपानचे. निहोन रिकागाकु ही खडू तयार करणारी कंपनी आहे. १९५९ साली विशेष शाळेतील एक शिक्षक तेथे आपल्या विद्यार्थिनींसाठी नोकरी मागायला गेले. कंपनीचे यासुहिरो ओयामा यांनी नकार दिला. शिक्षक पुन्हा पुन्हा आले आणि शेवटी म्हणाले, नोकरी नको, पण काम म्हणजे काय ते तरी त्यांना अनुभवू द्या. दोन मुली दोन आठवड्यांसाठी कामाला आल्या. मुदत संपली तेव्हा कामगारच मालकाकडे गेले. या मुलींना कायम करा, आम्ही त्यांना सांभाळून घेतो, असे त्यांनी सांगितले. आज त्या कंपनीतील सत्तर टक्क्यांहून अधिक कामगार बौद्धिक दिव्यांग आहेत. घड्याळ न कळणाऱ्यांसाठी तेथे वाळूचे घड्याळ ठेवले. आकडे न कळणाऱ्यांसाठी वजने रंगवली. लाल डब्यातला माल लाल वजनाने तोलायचा. ओयामांना एका बौद्ध भिक्षूंनी सांगितले होते की माणसाला चार गोष्टींनी सुख मिळते : कोणी प्रेम करणे, कोणी कौतुक करणे, आपण उपयोगी पडणे आणि आपली कोणाला गरज असणे. यातल्या शेवटच्या तीन गोष्टी कामातून मिळतात.

या दोन्ही उदाहरणांवरून एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आपण म्हणतो, मुलगा आधी पूर्ण तयार होऊ दे, मग कामाचे पाहू. ती तयारी घरात बसून कधीच पूर्ण होत नाही. आधी थोड्या दिवसांसाठी खऱ्या कामाच्या जागी न्यावे, सोबत एक जबाबदार माणूस द्यावा आणि तेथेच शिकवावे. पुण्यात गोखलेनगरची 'कामायनी' संस्था १९६४ पासून या मुलांसाठी शाळा आणि उद्योग केंद्र चालवते. असे कार्य मोलाचेच आहे. परंतु प्रत्येक मुलगा संस्थेत पोहोचणार नाही. म्हणून आपल्या गावातच जागा शोधल्या पाहिजेत.

देहूरोडला या कामासाठी माणसांची कमतरता नाही. ऑर्डनन्स डेपो आणि दारूगोळा कारखाना यांतून निवृत्त झालेले कितीतरी काका येथे राहतात. माल मोजणे, लेबल लावणे, पेटी भरणे, जागच्या जागी ठेवणे यात त्यांचा जन्म गेला. अशा एका काकांनी एक मुलगा दत्तक घेतल्यासारखा सांभाळावा. पहिले आठ दिवस त्याच्यासोबत कामावर जावे, मग एक दिवसाआड जावे, मग आठवड्यातून एकदा मालकाला आणि मुलाला भेटून यावे. मुलीसोबत एखादी ताई असावी.

समजा, चिक्कीच्या दुकानात पेट्या भरायच्या आहेत. 'पेट्या भर' एवढे म्हणून भागत नाही. पेटी उघड, खाली कागद घाल, पाकिटे ओळीने लाव, जागा भरली की थांब, झाकण लाव, डावीकडे ठेव, असे एकेक शिकवावे. किती पाकिटे ते मोजता येत नसेल तर पेटीच्या तळाला पाकिटांचे चौकोन आखून द्यावेत. चौकोन भरले की काम झाले! किराणा दुकान, बेकरी, रोपवाटिका, छपाईचे दुकान, सगळीकडे अशी कामे असतात. चालत्या यंत्राजवळ मात्र नवख्याला एकटे सोडू नये.

एक सावधगिरी अवश्य बाळगावी. वेठबिगारी म्हणजे काय हे आपल्या आजोबा-पणजोबांनी भोगले आहे. 'बिचाऱ्याला ठेवून घेतले' असे म्हणत कोणी फुकट राबवून घेईल, तर ते चालू देऊ नये. शिकण्याची मुदत आधी ठरवावी, दोन आठवडे किंवा महिना. नंतर इतरांसारखी मजुरी मिळावी आणि ती मुलाच्या नावच्या बँक खात्यात जमा व्हावी. आपण कमावले हे त्यालाही कळले पाहिजे.

कागदपत्रांचीही हयगय नको. औंधचे जिल्हा रुग्णालय किंवा ससून येथे चौकशी करून दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि ओळखपत्र काढून घ्यावे. चाळीस टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असेल तर राखीव जागांचा हक्क मिळतो. १९९५ च्या कायद्यात नोकरीतील तीन टक्के राखीव जागांत या मुलांचा वाटाच नव्हता. २०१६ च्या कायद्याने चार टक्के राखीव ठेवले आणि त्यातील एक टक्का बौद्धिक दिव्यांग, स्वमग्न, अध्ययन अक्षम, मनोरुग्ण आणि बहुविकलांग यांच्यासाठी ठरवला. राखीव जागेची किंमत आपल्या समाजाला कोणी सांगायला नको. पण सरकारी जागेची वाट पाहत तारुण्य घालवू नये.

महिला मंडळांनी आणि तरुण मंडळांनी आपल्या वस्तीतील अशा मुलामुलींची यादी करावी. दुसरी यादी ओळखीच्या दुकानदारांची आणि लघुउद्योजकांची करावी. तिसरी यादी वेळ देऊ शकणाऱ्या निवृत्त मंडळींची. या तीन याद्या एकत्र आल्या की निदान एका मुलाचे काम सुरू होईल. पहिल्या महिन्यात एकच मुलगा कामावर गेला तरी पुष्कळ झाले. त्याला पाहून दुसऱ्या घरातली आईही आपल्या लेकीचा डबा भरायला घेईल.