बसायला जागा आहे का?

एकटेपणा हे म्हातारपणाचं दुखणं, असं आपण धरूनच चालतो. मुलं परदेशी, घरात दोघंच, मग दुसरं काय होणार! जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाचा २०२५चा अहवाल वेगळंच सांगतो. जगात सहातल्या एकाला एकटेपणा छळतो, आणि १३ ते २९ वयाच्या मुलामुलींत त्याचं प्रमाण जास्त आहे. कॉट बेसिसवर राहून रात्री ॲपवरून जेवण मागवणाऱ्याला विचारा.

‘जिवाभावाचं माणूस हवं, अनोळख्याशी दोन शब्द बोलून काय होतं?’ हाही गैरसमजच. सँडस्ट्रॉम आणि डन या मानसशास्त्रज्ञांना २०१४च्या अभ्यासात आढळलं, की तोंडओळखीच्या माणसांशी जास्त बोलणं झालं त्या दिवशी लोक अधिक खुशीत होते.

पण अशी तोंडओळख व्हायची कुठे? बाग केली की काम झालं, असं पालिकांना वाटतं. शहरांचे अभ्यासक विल्यम व्हाइट यांनी न्यूयॉर्कच्या चौकांत कॅमेरे लावून माणसं न्याहाळली. १९८०मध्ये मांडलेला त्यांचा निष्कर्ष हसू येईल इतका साधा होता: जिथे बसायला जागा, तिथे माणसं बसतात. दादरच्या शिवाजी पार्कचा कट्टा बघा. बुटकी भिंत, बस्स. तिकीट नाही, चहा मागवायची सक्ती नाही. पाय रस्त्याकडे सोडले तर येणारे-जाणारे दिसतात, मैदानाकडे सोडले तर क्रिकेट. बघायला काहीतरी असतं, म्हणून गप्प बसणंही अवघडत नाही. आणि ‘काय शॉट मारला!’ एवढ्यावर शेजारच्याशी बोलणं सुरू होतं. याउलट कितीतरी बागांत हिरवळीवर बसायला मनाई आणि दुपारी फाटकाला कुलूप.

राहिला सोसायट्यांचा लाडका आक्षेप: बाकडी ठेवली की टवाळखोर जमतात. व्हाइट यांचं निरीक्षण उलटं आहे. टवाळखोरांच्या धास्तीने जागा गैरसोयीची केली, की साधी माणसं फिरकत नाहीत आणि ती जागा त्यांनाच आंदण मिळते. जिथे बायका निवांत बसलेल्या दिसतात, ती जागा बहुधा सर्वांनाच सुरक्षित असते. मात्र मुंबईत बाईला घराबाहेर असण्यासाठी काहीतरी काम दाखवावं लागतं, हे शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी ‘व्हाय लॉयटर?’ या २०११च्या पुस्तकात दाखवून दिलं. रात्री नऊला तिला उगाचच बसता यायचं, तर दिवा हवा, जवळ स्वच्छ मुतारी हवी. आपल्याकडे आधी कारंजं बसतं.