मोजणारा कोण आणि मोजलं काय

‘अमुक ऑपरेटिंग सिस्टीम तमुकपेक्षा अडीच पट वेगवान’ असं वाक्य कानावर आलं की आपलं काय होतं? आपली आवडती सिस्टीम पुढे असेल तर आपण मान डोलावतो. मागे असेल तर लगेच विचारतो, चाचणीचे पैसे कुणी दिले? प्रश्न रास्तच आहे. पण त्याचं उत्तर मिळाल्यावर नेमकं काय सिद्ध होतं, ते आज एका जुन्या प्रकरणावरून पाहू.

एप्रिल १९९९. माइंडक्राफ्ट नावाच्या कंपनीनं अहवाल काढला, की त्याच यंत्रावर लिनक्सच्या तुलनेत विंडोज एनटी ४.० फाइल सर्व्हर म्हणून अडीच पट आणि वेब सर्व्हर म्हणून ३.७ पट वेगवान आहे. पैसे मायक्रोसॉफ्टचे होते, आणि अहवालात तसं लिहिलेलंही होतं. लिनक्सवाले खवळले, ते उगाच नव्हे. एनटीची बारकाईनं मशागत झाली होती. प्रत्येक नेटवर्क कार्डाचं काम एकेका प्रोसेसरला बांधून दिलं होतं. लिनक्सच्या बाजूला मात्र वेग कमी करणाऱ्या सेटिंग्ज तशाच राहिल्या होत्या. एका मल्लाला खुराक आणि दुसऱ्याला उपास, मग कुस्ती कसली?

इथे आपल्याला न्यायशास्त्र उपयोगी पडतं. नैयायिकांनी चर्चेचे तीन प्रकार सांगितले: सत्य शोधण्यासाठी तो वाद, जिंकण्यासाठी तो जल्प, आणि स्वतःचं काहीच न मांडता नुसतं दुसऱ्याचं खोडायचं ती वितंडा. पहिली चाचणी जल्पाच्या अंगानं गेली, असं आमचं मत. पण ‘पैसे मायक्रोसॉफ्टचे, म्हणून आकडे खोटे’ हे उत्तर वितंडाच म्हणायचं. साक्षीदाराचा स्वार्थ दिसला की साक्ष तपासून घ्यायची. ती खोटी ठरली असं होत नाही.

तपासून घेतलंच. जूनमध्ये पीसी वीक साप्ताहिकाच्या प्रयोगशाळेत, लिनक्सच्या जाणकारांना बरोबर घेऊन फेरचाचणी झाली. अंतर कमी झालं. पण एनटी पुढेच!

का? यंत्राला चार प्रोसेसर आणि चार नेटवर्क कार्डं होती. त्या वेळच्या २.२ मालिकेच्या कर्नेलमध्ये नेटवर्कचं बहुतेक काम एकाच कुलपाआड चाले. चार खिडक्यांवर चार कारकून, शिक्का मात्र एकच. एक जण तो वापरत असेल तोवर बाकीचे तिघे हात बांधून बसणार. हा दोष खरा होता, आणि तो दाखवला पक्षपाती चाचणीनंच.

मग चाचणी न्याय्य होती का? बघा हं, ‘न्याय्य’ या शब्दात दोन प्रश्न दडलेत. दोघांना सारखी वागणूक मिळाली का, हा एक. तो फेरचाचणीनं बराचसा सुटला. (पुरता सुटत नाही. दोन्ही सिस्टीम डब्यातून काढल्या तशाच चालवल्या, तर आपण बनवणाऱ्यांचा अंदाज मोजतो. दोन्हींकडे तज्ज्ञ बसवले, तर तज्ज्ञ मोजतो.) दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे: मोजायचं काय, हे कुणी ठरवलं? वेबच्या चाचणीत तयार, न बदलणारी पानं शेकडो मेगाबिटच्या वेगानं पुरवायची होती. त्या काळी इतकी रुंद इंटरनेट जोडणी असलेली कार्यालयं किती होती? एका प्रोसेसरच्या साध्या यंत्रावर महिनोन्‌महिने न अडखळता चालणं कुणाला हवं असेल, तर ते या परीक्षेत विचारलंच नव्हतं. प्रश्नपत्रिका काढणाऱ्यानं एकही उत्तर न बदलता निकाल आपल्याकडे वळवता येतो. त्यामुळे आम्ही तरी आकड्याच्या आधी यंत्राची यादी वाचू, आणि सेटिंग्ज छापलेल्या नसतील तर आकडा वाचणारच नाही.

लिनक्सवाल्यांपैकी काही जण बरेच दिवस भांडत राहिले. काहींनी मुकाट्यानं ते कुलूप फोडायला घेतलं, आणि जानेवारी २००१ मध्ये आलेल्या २.४ कर्नेलमध्ये नेटवर्कचं काम अनेक प्रोसेसरांवर एकाच वेळी होऊ लागलं.