घरपट्टीची हरकत : हक्क आणि रीत

डुमसच्या समुद्रकिनाऱ्याकडे आपल्यातील काही कुटुंबांनी पोटाला चिमटा घेऊन लहानशी घरे घेतली आहेत. सुट्टीत चार दिवस स्वतः राहावे, एरवी पाहुण्यांना भाड्याने द्यावे आणि त्या उत्पन्नातून मुलांच्या शिक्षणास हातभार लागावा, असा त्यांचा हिशेब असतो. अशा घराचे वेराबिल एकाएकी वाढून आले की वर्षाचा मेळ कोलमडतो. कोणी रागाने बिल बाजूस टाकतो, कोणी मुकाट्याने भरतो. आमच्या मते दोन्ही मार्ग तोट्याचे. तिसरा मार्ग कायद्याने दिलेला आहे. तो येथे थोडक्यात सांगतो.

करासंबंधी तक्रार सुरतेला नवी नाही. १८४४ साली मिठावरील कर मणामागे आठ आण्यांवरून एक रुपयावर गेला, तेव्हा सुरतकर रस्त्यावर उतरले. आज त्यासाठी दगड उचलावा लागत नाही; मुदतीत दिलेला एक कागद अधिक काम करतो.

प्रथम बिल वाचावयास शिकले पाहिजे. पूर्वी घराला वर्षाकाठी किती भाडे येऊ शकेल, या अंदाजावर कर बसत असे. आता तो क्षेत्रफळावर बसतो. क्षेत्रफळाला ठरलेल्या दराने गुणतात. मग घराचे ठिकाण, त्याचे वय, इमारतीचा प्रकार व वापर, आणि राहणारा मालक की भाडेकरू, यांचे गुणक लावतात. हा सारा गुणाकार आहे, हे ध्यानात ठेवावे. समजा, घर ६० चौरस मीटर असून नोंद ७५ ची झाली, तर कर सव्वापट होतो. त्यातच एखादा गुणक चुकून दुप्पट लागला, तर कर अडीचपट होतो. म्हणून “कर फार झाला” एवढेच लिहून भागत नाही. कोणत्या रकान्यात कोणती चूक आहे, ते दाखवावे लागते.

सुट्टीच्या घराचा वाद बहुधा वापराच्या रकान्यात असतो. स्वतःसाठी ठेवलेले घर, भाडेकरूस दिलेले घर आणि रोजच्या भाड्याने चालणारा उतारा, या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. भाडेकरार, वीजबिल, पाहुण्यांची वही असे पुरावे जोडावेत आणि जे खरे तेच लिहावे. वापर लपवून मिळवलेली सवलत पचत नाही, आणि ती हलालही नव्हे.

हरकत आयुक्तांच्या नावे लेखी द्यावी, नोटिशीत दिलेल्या मुदतीत द्यावी आणि पोच घ्यावी. सुनावणीस नकाशा व दस्तऐवज घेऊन स्वतः जावे. निकाल मान्य नसेल तर १९४९ च्या प्रांतिक महानगरपालिका अधिनियमातील कलम ४०६ प्रमाणे न्यायाधीशांकडे अपील करता येते. त्याची मुदत अवघी १५ दिवसांची. आधी हरकत घेतलेली असणे आणि कराची रक्कम भरलेली असणे, या त्याच्या अटी आहेत. रक्कम भरण्याची ही अट अहमदाबादच्या अनंत मिल्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७५ साली वैध ठरवली. सबब हरकत राखून पैसे भरणे शहाणपणाचे; न भरल्यास व्याज चढते आणि अपीलही अडते.

एक सूचना ट्रस्टच्या मिळकतींविषयी. केवळ सार्वजनिक धर्मादाय कामासाठी वापरल्या जाणाऱ्या जागेस सामान्य करातून सूट आहे. परंतु भाड्याने दिलेल्या वा व्यापार चालणाऱ्या भागास ती आपोआप लागू होते, असे कोणी गृहीत धरू नये.

कराच्या पैशातूनच आपल्या वस्तीत पाणी, दिवाबत्ती आणि शाळा येते. म्हणून जेवढा न्याय्य तेवढा वेळेवर भरावा, आणि जेवढा अन्याय्य तेवढा नम्रपणे पण ठामपणे नाकारावा. ज्या विधवा भगिनींना वा वृद्धांना अर्ज लिहिता येत नाही, त्यांचा अर्ज आपल्यातील शिकलेल्या तरुणांनी लिहून द्यावा, एवढी आमची विनंती आहे. ज्युबिलीच्या वर्षी यासारखी दुसरी सेवा नाही.