टाकीत 'पॅरट फिश' ठेवायचाय? आधी तो गोड्या पाण्यातला की समुद्रातला ते बघा

मोबाईलवर निळा-हिरवा, पोपटासारख्या चोचीचा मासा बघायचा आणि दुकानातून 'पॅरट फिश' म्हणून गोल नारिंगी मासा घेऊन यायचा, असं बऱ्याच जणांचं होतं. हे दोन मासे एक नाहीत. दुकानातला 'ब्लड पॅरट' हा तैवानमध्ये संकरातून तयार केलेला, गोड्या पाण्यातला मासा. आमच्या ओळखीच्या एका पोराने व्हिडिओ बघून त्याच्या टाकीत भरपूर मीठ कालवलं. सकाळी चारही मासे मेलेले.

खरा पॅरट फिश समुद्रात, प्रवाळांजवळ राहतो. त्याचे दात एकमेकांना जुळून चोच झालेली असते. दिवसभर तो खडकावरचं शेवाळ खरवडतो; सोबत पोटात गेलेला खडकाचा चुरा वाळू होऊन बाहेर पडतो. दात वाढतच राहतात, म्हणून घासायला दगड हवाच. नुसत्या विकतच्या दाण्यांवर तो खंगत जातो. काही जाती रात्री अंगाभोवती चिकट पातळ पिशवी करून झोपतात. ती दिसली तर आजार समजून औषध ओतू नका.

आता हिशोब. सहा फूट लांब, अडीच फूट रुंद आणि अडीच फूट उंच टाकीत हजार लिटरच्या वर पाणी बसतं. म्हणजे नुसतं पाणीच एक टन. काच, दगड, स्टँड वेगळे. माळ्यावर किंवा जुन्या स्लॅबवर हे ठेवायचं धाडस करू नका. आणि एवढी टाकीसुद्धा लहान जातीलाच जेमतेम पुरते, कारण बरेच पॅरट फिश फूट-दीड फूट वाढतात.

समुद्राच्या पाण्यात लिटरला साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, म्हणजे या टाकीला ३५ किलोच्या वर. जेवणातलं मीठ चालत नाही. कॅल्शियम, मॅग्नेशियम असलेलं मत्स्यालयाचं मीठच लागतं. पाणी आटलं की मीठ मागे उरतं, म्हणून रोजची भर साध्या आरओच्या पाण्याची घालायची. मासे आणण्याआधी टाकी महिना-दीड महिना चालवून जिवाणू तयार होऊ द्यायचे.

लाईट गेली की पंप बंद, आणि पाण्यातला ऑक्सिजन संपत जातो. आपल्याकडचं भारनियमन बघता इन्व्हर्टर नसेल तर या नादाला न लागलेलं बरं.

आणखी एक. मालवणला फिरायला गेल्यावर टाकीसाठी प्रवाळ उचलून आणू नका. प्रवाळांना १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, सापडलात तर गुन्हा दाखल होतो.