झटका तोच, उत्तर निराळं

हाताला मुंग्या येतात म्हणून डॉक्टर ‘एनसीव्ही’ ही मज्जातंतूतल्या संदेशाचा वेग मोजणारी चाचणी करून घ्यायला सांगतात. मनगटावर विजेचा बारीकसा झटका बसतो, आपण न हलवताच अंगठा टुणकन उडतो आणि पडद्यावर एक रेघ उसळते. मज्जातंतूने दिलेलं हे उत्तर. झटका तोच असला, तरी वयागणिक आणि शरीरागणिक ते बदलतं, हे मला फार विलक्षण वाटतं.

मज्जातंतूतल्या संदेशाचा वेग मोजताच येणार नाही, असं योहानेस म्युलरसारख्या दिग्गज शरीरक्रियाशास्त्रज्ञाला वाटे. त्यांच्याच शिष्याने, हेल्महोल्ट्झने, १८५० साली बेडकाच्या मज्जातंतूवर तो मोजून दाखवला: सेकंदाला सुमारे २७ मीटर. माणसाच्या हातात तो पन्नासच्या वर भरतो. नवजात बाळात मात्र जेमतेम निम्मा! त्याच्या तंतूंवर मायलिनचं वेष्टण अजून पुरतं चढलेलं नसतं. ते चढलं की संदेश उड्या घेत धावतो आणि पाचेक वर्षांचं पोर आईबापाच्या वेगाला येतं.

म्हातारपणी वेग त्या मानाने थोडाच घटतो. खचतो तो उत्तराचा जोर. घोट्यामागच्या सुरल मज्जातंतूकडून काही ठणठणीत आजी-आजोबांमध्ये उत्तर येतच नाही, आणि तरी त्यांना काही आजार नसतो.

सगळ्यात गंमत स्त्री-पुरुषांतल्या फरकाची. बोटांवर नोंदलेली संवेदनेची लहर बायकांमध्ये सरासरीने मोठी येते. बायकांचे मज्जातंतूच वेगळे की काय? बोल्टन आणि कार्टर या संशोधकांनी १९८० साली चक्क बोटांचा घेर मोजला. जाड बोटात तंतू कातडीवरच्या इलेक्ट्रोडपासून लांब पडतो. जाड भिंतीपलीकडचं बोलणं पुसट ऐकू यावं, तशी लहर क्षीण उमटते. पुरुषांची बोटं सहसा जाड, एवढंच मुख्य कारण! पायांतही तसंच: उंच माणसाचा वेग कमी भरतो, मग तो पुरुष असो वा बाई. शरीराच्या मापांचा हिशेब न करता फरक स्त्री-पुरुषत्वाच्या खात्यावर टाकणं मला घाईचं वाटतं.

म्हणून शेजाऱ्याच्या रिपोर्टशी आपले आकडे ताडून पाहू नका. नॉर्मल आकडे तुमच्या वयाचे आणि उंचीचे धरलेत ना, हे डॉक्टरांना जरूर विचारा. आणि एसीच्या गारठ्यात बसून हात गार पडले असतील, तर आधी उबेला धरा. त्वचेचं तापमान एका अंशाने उतरलं, तरी वेग सेकंदाला दोनेक मीटरने कमी दिसतो.